तक्त्यावरची बाई

आमच्या सोसायटीत ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणजे आधी पाच मिनिटं कवायत करावी लागे. काकी तुम्हाला पायमशीनच्या पलीकडे उभं करायच्या, पडदा सरकवायच्या आणि हुकूम सोडायच्या, "हात वर कर. फळीवरचो डबो काढतंस तसो." डबा काढून झाला की खाली मांडी घालून बसायचं आणि पोळी लाटल्यासारखे हात हलवायचे. मग उठायचं, वाकायचं आणि बादलीतलं धुणं पिळायचं. हे सगळं हवेत. ना डबा, ना पोळपाट, ना बादली. बाहेर बाकावर पुढच्या बायका बसलेल्या असत आणि पडद्याखालून त्यांना आतली पावलं दिसत. त्या खुसखुसायच्या. पण त्यांचीही पाळी येणारच असे, त्यामुळे फार मोठ्यानं कुणी हसत नसे.

बोरीवलीला पूर्वेकडे आमची चार मजली इमारत होती. तळमजल्यावरची पहिली जागा काकींची. माणसं मूळची मालवणकडची. यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते एका मोठ्या सोसायटीत लिफ्टवर लागले, आणि तोवर घरापुरतं शिवणाऱ्या काकी अख्ख्या गल्लीचं शिवायला लागल्या. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण लहानथोर सगळे त्यांना काकीच म्हणत. उंचीनं बेताच्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, कानात कुड्या आणि ओठांत कायम दोन टाचण्या. टाचण्या तशाच ठेवून त्या इतक्या सडेतोड बोलायच्या की समोरच्या बाईचाच जीव वरखाली व्हायचा.

कवायत सगळ्यांना सारखी नसे. शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या की त्यांना भिंतीवर हातानं मराठीतला एखादा धडा लिहायला लावत. बसनं नोकरीला जाणारीला दांडा धरून लोंबकळल्याची नक्कल करावी लागे. गोराईहून मासे घेऊन येणारी एक कोळीण त्यांच्याकडे शिवायची. चांगली दणकट बाई. तिच्या डोक्यावर काकी स्वतःचा शिवणाचा जडशीळ डबा ठेवायच्या आणि खोलीभर चालवायच्या. ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "मी मापाला आयलंय का नाचाला गो?" त्यावर काकी म्हणायच्या, "पाटी घेऊन काखेत फाटलो तर शिव्या माकाच देतलंस मां? मगे चाल."

आणि खरंच, काकींचा ब्लाउज काखेत कधी फाटला नाही. हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. शत्रू होते, कारण वेळेवर शिवून देणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हूक लावायचे बाकी असत.

काकींकडे इंचटेप नव्हती. एकदा यजमानांनी हौसेनं आणली, तर ती त्यांनी खिडकीचा पडदा बांधायला वापरली. त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कापडाची लांब पट्टी. ती पट्टी तुमच्या अंगाभोवती फिरवायची आणि जिथं भरेल तिथं रंगीत दोऱ्याचा टाका घालायचा. छातीला लाल, कंबरेला निळा, दंडाला हिरवा. पट्टीच्या टोकाला तुमचं नाव दोऱ्यानं काढलेलं. भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि त्यांवर अशा शंभर-दीडशे पट्ट्या लोंबत असत. पुढच्या वर्षी तुम्ही वाढलात किंवा उतरलात, तर नवा टाका घालायचा, पण जुना उसवायचा नाही. त्यामुळे जिची पट्टी दहा वर्षांची होती, तिची लग्नं, बाळंतपणं, आजारपणं सगळी तिथं टाक्यांत दिसत.

मी एकदा विचारलं, "काकी, मी छत्तीस की अडतीस?"

"छत्तीस ह्यो बसचो नंबर," त्या म्हणाल्या. "तू कित्याक छत्तीस? तू आमच्या तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनींचा चेडू."

आमच्याकडे मापाला जुना ब्लाउज देण्याची पद्धत आहे. ही पद्धत चांगली, पण तिच्यात आम्हां बायकांची एक हमखास चोरी असते. मापाला द्यायचा तो आत्ता अंगात बसणारा नाही, तर चार वर्षांपूर्वीचा, हूक लागत नाहीत तो. मनाशी म्हणायचं, साडी नेसायच्या दिवसापर्यंत होऊ आपण तेवढ्या. माझ्या आईनं हे दर दिवाळीला केलं. काकी तो ब्लाउज दोन बोटांत धरायच्या आणि परत द्यायच्या. "ह्यो तुमचो नाय वहिनी. ह्यो तुमच्या फोटोतल्या बायेचो. तिका पाठवा, तिचो शिवतंय." आई रागानं लाल व्हायची आणि मुकाट्यानं पडद्यामागं जायची.

तेव्हा स्टेशनजवळ तयार कपड्यांची नवी दुकानं निघाली होती. पहिल्या शिकवणीच्या पैशांतून मी दोन कुर्ते आणले. एका दुकानात मी मीडियम निघाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात एक्स्ट्रा लार्ज. तो मीडियमवाला कुर्ता मी शेजारणींना कॉलर उलटी करून दाखवला आणि एक्स्ट्रा लार्जची चिठ्ठी घरी येताच कातरून टाकली. रात्रीची भाकरीही खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी काकींनी दोन्ही कुर्ते टेबलावर एकावर एक ठेवले. बोटभरही फरक नव्हता. "रस्तो ओलांडताना फुगलंस काय गो?" त्यांनी विचारलं. बाकावरच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. मलाही हसू आलं, पण चिठ्ठीचा सल काही गेला नाही. त्या वयात माणूस चिठ्ठीवर विश्वास ठेवतो.

काकींचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. दुसऱ्या मजल्यावर एक नवी सून आली होती. सहा महिन्यांत तिच्या पट्टीवरचा निळा टाका दोन बोटं पुढं गेला. काकींनी तिच्या सासूला जिन्यात गाठून सांगितलं, "पेढे तयार ठेवा." सासूनं गावाहून तूप मागवलं, डिंकाचे लाडू केले, सुनेला पाण्याची कळशी उचलू देईना. नंतर कळलं की त्या मुलीला माहेरी पोटभर मिळत नव्हतं आणि इथं मिळत होतं, एवढंच. ती बिचारी महिनाभर रडत होती. काकींना त्याचं फार लागलं. त्यांनी कानाला खडा लावला आणि त्या दिवसापासून कुणाच्या अंगाबद्दल विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं. फार तर "जेवलंस?" एवढं विचारायच्या. बाकीचं पट्टीवर.

मी पदवीधर झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि अंधेरीच्या एका मोठ्या कचेरीत माझी निवड झाली. कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, धाकटी दोघं शिकत होती, त्यामुळे माझ्या हातात ते पत्र आलं तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली. राहिली होती ती फक्त वैद्यकीय तपासणी. ती तर काय, नावापुरती असते, असं सगळे म्हणाले.

कचेरीचे डॉक्टर विलेपार्ल्याला होते, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. उंच, गोरे, अतिशय सभ्य गृहस्थ. बोलणं एकदम पुस्तकी. त्यांच्या काट्याशेजारी भिंतीवर एक छापील तक्ता होता. डावीकडे उंची, उजवीकडे वजन, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. आता हाच हिशेब बीएमआय म्हणून माझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये असतो. तेव्हा तो भिंतीवर असे. माझी उंची पाच फूट एक इंच. डॉक्टरांनी फूटपट्टी लावून ओळ धरली, ती पंचावन्नाला संपत होती. मी त्रेसष्ट होते.

रक्तदाब ठीक, छाती ठीक, डोळे ठीक. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, "तूर्त अपात्र". आणि मला म्हणाले, "हे बघा, घाबरू नका. तीन महिने आहेत. आठ किलो उतरवा आणि या. महिन्याला एकदा दाखवून जा."

मी बाहेर आले तर सगळ्या पार्ल्यात बिस्किटांचा वास सुटला होता. तिथल्या कारखान्यात भट्टी लागली की तो वास स्टेशनपर्यंत येई. एरवी मला तो किती आवडायचा. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून गेले.

मग माझं उपासाचं पर्व सुरू झालं. सकाळी लिंबू-मध, दुपारी काकडी, रात्री उकडलेला दुधी. आमच्या घरी माशाच्या कालवणाशिवाय जेवण नाही आणि भाताशिवाय कालवण नाही. घरात सुरमई तळली जात असताना मी बाल्कनीत उभी राहून समोरच्या डोंगराकडे बघायची. आई एकीकडे "कर गं बाई, नोकरी महत्त्वाची" म्हणायची आणि दुसरीकडे माझ्या ताटलीत गुपचूप चमचाभर भात सरकवायची. मी तिच्यावर ओरडायची. त्या तीन महिन्यांत मी घरातल्या सगळ्यांवर ओरडले.

पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. मी ब्लाउज घेऊन टणाटण उड्या मारत काकींकडे गेले. "काकी, आटवा! शिवणी आत घ्या!"

त्यांनी पट्टी काढली, माझ्याभोवती फिरवली, नवा टाका घातला. मग म्हणाल्या, "फळीवरचो डबो काढ." मी हात वर केले. "धुणा पीळ." मी वाकले आणि उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यांनी बघितलं. "जेवलंस?"

"काकी, तक्त्याप्रमाणे अजून पाच किलो जायला हवेत."

"कसलो तक्तो?"

मी सांगितलं. उंची, वजन, ओळ. त्या टाचण्या ओठांत धरून सगळं ऐकत होत्या. "वीस वर्षां मी ब्लाउज शिवतंय," त्या म्हणाल्या, "पण ती तक्त्यावरची बाई माझ्याकडे कधी इली नाय. कशी दिसता गो ती? कपडे धुता? पाणी भरता?"

त्यांनी ब्लाउज आटवला, पण आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, कापलं नाही. मी म्हटलं, कापून टाका, मला परत तेवढं व्हायचंच नाही. त्या म्हणाल्या, कापड तुझं असेल, कात्री माझी आहे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती सांगताना आजही मला लाज वाटते. काकीही बारीक होत होत्या. गळ्याची हाडं दिसायला लागली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात. सोसायटीतल्या बायका जिन्यात थांबून सांगायच्या, काकी, दहा वर्षांनी लहान दिसताय हो! मी तर त्यांच्यामागंच लागले. "काकी, काय खाता? मला सांगा ना. तुमचं बरं उतरतं आपोआप. मी एवढी उपाशी राहते तरी काटा हलत नाही." त्या नुसत्या हसायच्या, मशीनजवळचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायच्या आणि परत पायडल मारायच्या. दिवसाला तसे पाच-सहा तांबे व्हायचे. मी घरी येऊन आईला सांगितलं, काकींचं गुपित मला कळलं, त्या भरपूर पाणी पितात. आणि दुसऱ्या दिवसापासून मीही प्यायला लागले.

तिसऱ्या महिन्यात मी काकींच्या खोलीत, हवेतलं धुणं पिळता पिळता, खाली पडले. शुद्धीवर आले तेव्हा त्या मला गुळाचं पाणी पाजत होत्या आणि आई दारात रडत होती. दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात शेवटच्या तपासणीला जायचं तेव्हा आई म्हणाली, "काकी येतील तुझ्याबरोबर. माझ्यानं बघवत नाही."

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. काकी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. पिशवीत माझी पट्टी होती. डॉक्टरांना दाखवायला! पार्ल्याला उतरल्यावर त्यांनी बाजारातून अस्तराच्या कापडाचा हा एवढा गठ्ठा घेतला, कारण तिथं चांगलं मिळतं. तो मी उचलला. डॉक्टरांचा जिना चढताना काकी पहिल्या वळणावर थांबल्या, दुसऱ्या वळणावर कठडा धरून उभ्या राहिल्या आणि शेवटच्या पायऱ्या माझा खांदा धरून चढल्या. मी उपाशी होते, हातात गठ्ठा होता, खांद्यावर काकी होत्या, तरी मला दम लागला नव्हता. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त काटा होता.

काटा सत्तावन्नावर थांबला.

"अजून दोन किलो," डॉक्टर म्हणाले. "एवढं केलंत, थोडक्यासाठी सोडू नका. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे."

काकींनी पिशवीतून पट्टी काढली. "डॉक्टर, ह्या बघा. सोळाव्या वर्षापासून ह्या चेडवाचा माप हा. हयसून हयपर्यंत कधी हलला नाय. कधी तापान पडला नाय. आता तीन महिन्यात बघा खय गेला! मागच्या आठवड्यात माझ्या घरात चक्कर येऊन पडला. तुम्ही हेका बरा म्हणतास?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी पट्टी हातात घेऊन पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही या जरा काट्यावर." काकी चपला काढून चढल्या. उंची माझ्याएवढीच भरली. वजन पन्नास. डॉक्टरांनी तक्त्यावर फूटपट्टी धरली आणि माझ्याकडे वळले. "बघा. बरोबर मध्यभागी. तुमच्या या काकींसारखं वजन हवं. वय जास्त असून किती प्रमाणात आहेत!"

काकींनी काट्यावरून उतरून माझी पट्टी गुंडाळली आणि पिशवीत टाकली. मला वाटलं, हरल्या. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला होता. उगाच वाद घालून डॉक्टरांचं मन कलुषित केलं असं वाटत होतं.

उतरताना पहिल्याच वळणावर त्या पायरीवर बसल्या. तोंड पांढरं पडलं होतं.

"काकी, काय होतंय?"

"पन्नास म्हणालो मां तो?" त्यांनी विचारलं. "गेल्या दिवाळीक चक्कीवर तोललंय तेव्हा पासष्ट होतंय."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. "तुम्ही उपास करता?"

"खुळा काय गो? दोन माणसांचा जेवतंय. भूक जाणाच नाय. आणि पाणी." त्या पदरानं तोंड पुसत होत्या. "दिवाळीपासून माझे ब्लाउज मीच आटवतंय. चार वेळा आटवले. रात्री हे निजले की."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाक सांगू? सगळी म्हणत होती, काकी कशी छान दिसतंस. तू पण म्हणालंस." त्यांनी पिशवी पोटाशी धरली. "माका भय वाटला गो. दुसऱ्याच्या अंगाचा सांगूक येता. आपल्या अंगाचा कोण सांगतला?"

मी तिथं उभी होते. वर डॉक्टर होते, ज्यांच्या एका सहीवर माझी नोकरी होती. आत्ताच त्यांनी एका बाईला माझ्यासमोर उत्तम म्हटलं होतं. आता मी परत वर जाऊन त्यांना सांगायचं, की तुमचं चुकलं? तेही दोन किलो जास्त असताना? मी मोठेपणा सांगत नाही. त्या जिन्यात मी चांगली दोन मिनिटं उभी होते आणि त्या दोन मिनिटांत मी काकींचा नाही, नोकरीचा विचार करत होते. बाबांचं निवृत्तीचं वर्ष, धाकट्यांच्या फिया, सगळं आठवलं. आज काकींना घरी नेऊ, उद्या आपल्या बोरीवलीच्या डॉक्टरांना दाखवू, असंही मनात आलं. पण त्या उद्या कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आठ महिने रात्री टिपा मारत बसलेली बाई ती.

मी गठ्ठा त्यांच्याजवळ ठेवला आणि परत वर गेले.

"डॉक्टर, मघाशी तुम्ही ज्यांना बरोबर म्हणालात, त्या खाली जिन्यात बसल्यात. त्या दिवाळीत पासष्ट किलो होत्या. मुद्दाम उतरवलेलं नाही. तुम्ही त्यांना परत बघा." आणि धीर सुटायच्या आत म्हणून टाकलं, "माझं काय लिहायचं ते लिहा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खुर्ची मागं सरकवली आणि माझ्या आधी ते जिन्यात गेले. पायरीवर काकींसमोर उकिडवे बसले. एवढा उंच माणूस. "पाणी किती पिता, बाई?" त्यांनी विचारलं. काकी माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर मीच दिलं.

त्यांना परत वर नेलं. तेव्हा साखरेची तपासणी दवाखान्यातच करत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. काकी बाकावर आडव्या होत्या. मी आणि डॉक्टर त्या नळीकडे बघत उभे होतो. निळा रंग आधी हिरवट झाला, मग पिवळा, आणि बघता बघता विटेसारखा लाल. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"इतकी साखर," ते पुटपुटले. "आणि मी यांना नमुना म्हणून दाखवलं."

त्यांनी लगेच दोन ओळींची चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला टॅक्सीत बसवून ओळखीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. काकी तिथं सतरा दिवस होत्या. अजून महिनाभर तशाच टिपा मारत राहिल्या असत्या तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं होतं. माझी नाडी धरली, घड्याळात पाहिलं. "दोनदा जिना चढलात. दम लागला?"

"नाही."

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"काकडी."

त्यांनी तक्त्याकडे बोट केलं. "हा मी काढणार नाही," ते म्हणाले. "त्याचा उपयोग आहे. पण विचारायला सुरुवात त्याच्यापासून करायची असते. मी तिथंच थांबलो." मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या. जेवून या."

मी गेले. आईच्या हातचं भात-कालवण जेवून गेले. वजन भरलं साडेअठ्ठावन्न. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला, मला परत एकदा खाली जाऊन वर यायला लावलं, आणि साडेअठ्ठावन्न हाच आकडा लिहून त्यापुढं लिहिलं, "पात्र". मी एकतीस वर्षं त्या कचेरीत काम केलं. तक्त्याच्या ओळीत मी कधीच बसले नाही, आणि रजा घेतली ती दोन बाळंतपणांची.

काकी घरी आल्या तेव्हा चिमणीएवढ्या झाल्या होत्या. गोळ्या, इंजेक्शनं, पथ्य सुरू झालं. गोड बंद. पहिले दोन महिने मशीन बंद होतं. सोसायटीतल्या बायका भेटायला जायच्या आणि आता काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. बारीक झालात हे बोलायची सोय राहिली नव्हती. मी संध्याकाळी कचेरीतून येताना जायची, शेजारी बसायची. एकदा मी म्हटलं, "काकी, मी तुम्हाला गुपित विचारत होते हो. मला माफ करा." त्या म्हणाल्या, "गप गो. कायतरी सांगतंस." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात इतका हलका होता की मला रडू फुटलं.

असेच पाच-सहा महिने गेले. एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात काकी उभ्या, हातात पेढ्यांचा पुडा. तीन मजले चढून आल्या होत्या आणि बोलताना धाप नव्हती. आईनं विचारलं, "कसले हो पेढे? यजमानांना नोकरी लागली का कुठं चांगली?"

"नाय ओ वहिनी." काकींनी हात वर केला आणि काखेतली शिवण दाखवली. टिपा ताणल्या होत्या, मधून एक धागा सुटला होता. चेहऱ्यावर अशी लाली, की वाटावं पोरीचं लग्न ठरलंय. "ब्लाउज घट्ट होऊक लागलो!"

बाई जाड झाली म्हणून पेढे वाटलेले मी आयुष्यात तेवढेच पाहिले. स्वतःला एकही खायचा नव्हता त्यांना. त्यांनी पुड्यातले पेढे काढले, आईला एक दिला, मला दोन दिले, आणि मी खाऊन संपवेपर्यंत समोर उभ्या राहून बघत होत्या.